वरच्या मजल्यावरच्या बाई

९ मार्च

धाकटे,

काल तुझा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसले होते. यांनी तो घेतला आणि "ती बरी आहे, जेवली, झोपली आता" असं तुला सांगून टाकलं. त्यातलं एकही खरं नव्हतं. मी जेवले नव्हते, टक्क जागी होते, आणि बरी आहेस का हे मला कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून हे पत्र. आता तुझ्याशी बोलायचं तर हातानेच.

ऑपरेशन होऊन महिना होत आला. स्वरयंत्र सगळंच काढावं लागलं. गळ्याच्या खाली एक भोक केलंय, श्वास तिथून. त्यावर सुती रुमाल बांधते. नाकाला आता एकच काम उरलंय, तुझ्या दुकानातला चष्मा धरून ठेवायचं.

गंमत अशी की मी गप्प झाले आणि हे बोलायला लागले. तुझ्या या मोठ्या दिरांनी आख्ख्या संसारात जेवढे शब्द वापरले, तेवढे मी एका शिकाऊ मुलीला चौकातून गाडी वळवायला लावताना वापरत असे. आता यांना थांबवणं मुश्कील. परवा बेकरीत मी पावाकडे बोट दाखवलं, तर यांनी बेकरीवाल्याला माझं सगळं ऑपरेशन सांगितलं, तेही चुकीचं. मी डोळे वटारले. यांना वाटलं, गळा दुखतोय. लगेच खुर्ची मागवली.

ड्रायव्हिंग स्कूलची पाटी काढून ठेवली आहे. डॉक्टर म्हणतात, जखम भरली की गाडी खुशाल चालवा. पण शिकवू कशी? "क्लच, अगं क्लच, दुसरा पाय" हे ओरडण्यातच माझं आयुष्य गेलं. ज्या मास्तरणीला "ब्रेक" म्हणता येत नाही तिच्या शेजारी कोण बसेल? गाडी विकायला काढली आहे. रविवारी एक जण बघायला येणार आहे.

हॉस्पिटलात बोलणं शिकवणारी एक मुलगी आहे. तिने एक यंत्र दिलंय. ते गळ्याला टेकवायचं आणि ओठांनी शब्द करायचे. त्यातून जो आवाज निघाला तो ऐकून मांजर पलंगाखाली गेलं ते संध्याकाळपर्यंत बाहेर आलं नाही. यंत्र कपाटात आहे.

पुढच्या आठवड्यापासून रेडिएशन. भाऊजींना सांग, काळजी करू नका. त्यांना काळजी करायला माझी गरज लागत नाही हे मला माहीत आहे, तरी सांग.

थोरली

१७ मार्च

प्रिय जाऊबाई,

तुमचं पत्र दुकानात आलं आणि मी तिथेच फोडलं. समोर एक गृहस्थ तक्त्यावरची अक्षरं वाचत होते. बेकरीपाशी मला हसू आलं, तर त्यांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं. बिचाऱ्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

पण गाडीचं वाचून हसू गेलं. जाऊबाई, गाडी विकू नका.

मला गाडी तुम्हीच शिकवलीत. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि घरातल्या सगळ्यांनी तुम्हाला सांगितलं होतं की ही धाकटी सायकलवरूनही पडते. तुम्ही त्या वेळी काय काय बोललात त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही, कारण भीतीने माझे कानच बंद झाले होते. आठवतो तो तुमचा हात. वळायचं असलं की गुडघ्यावर टिचकी, ज्या बाजूला वळायचं त्या गुडघ्यावर. थांबायचं असलं की समोर थाप. मी त्या हातावर गाडी शिकले. तुमचा हात तर काढलेला नाही ना?

यंत्रही कपाटातून काढा. मांजराला सवय होईल. आम्हाला नाही का तुमच्या आधीच्या आवाजाची झाली.

इकडे सगळं ठीक. हे काल सुईत दोरा ओवताना बोटाला टोचून घेऊन अर्धा तास आडवे पडले होते. एवढंसं रक्त आलं होतं.

एक विचारायचं होतं. आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, शिकवण्या घेतात. त्यांच्या हाताला छातीत एक गाठ लागली आहे. दुखत वगैरे नाही. दुखत नसेल तर काही नसतं ना? तुमचा डॉक्टरांत वावर आहे म्हणून विचारलं. त्या तशा घाबरट नाहीत, कामात असतात फक्त.

तुमची,
धाकटी

६ एप्रिल

धाकटे,

गाडी विकली गेली नाही. त्यात माझा काही हात नाही. बघायला आलेल्या माणसाने यांना विचारलं, "मध्ये काही मोठं काम काढलं होतं का?" हे म्हणाले, "हो, गळ्याचं. पूर्ण काढून टाकलं. आता श्वास खालून घेते." तो माणूस गाडीखाली वाकून बघायला लागला. मग यांनी त्याला टाके किती पडले ते सांगितलं. तो म्हणाला, बायकोला विचारून येतो. अजून आलेला नाही.

रेडिएशन रोज असतं. यंत्राखाली जेमतेम काही मिनिटं, आणि बाकावर वाट बघत बसायचं त्याच्या दसपट. त्या बाकावर माझ्या दोन मैत्रिणी झाल्या. एक सिटी बसची कंडक्टर. तिचा एका बाजूचा स्तन काढलाय. दोन बस बदलून येते, आणि स्वतः कंडक्टर असून तिला बसायला जागा मिळत नाही, याचा तिला आजारापेक्षा जास्त राग आहे. दुसऱ्या, एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांचा गर्भाशयाचा. केमोने केस गेलेत, तर रोज वेगळ्या रंगाची टोपी घालून येतात, आणि टोपी वाकडी नसते. त्यांना मुलगा आणून सोडतो. "चांगला आहे हो," त्या म्हणाल्या, "पण प्रत्येक सिग्नलला उसासा टाकतो. मला उतरून चालत यावंसं वाटतं."

हे ऐकलं आणि का कोण जाणे, पिशवीतून यंत्र काढलं. तुझं पत्र वाचून ते पिशवीत टाकलं होतं, पण तोवर कुणासमोर लावलं नव्हतं. गळ्याला टेकवून म्हणाले, "उद्यापासून मी आणते."

बाकावरचे सगळे लोक वळून बघायला लागले. मला ते यंत्र कमोडमध्ये टाकावंसं वाटलं. पण मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या, "शेवटचा शब्द कळला नाही. पुन्हा एकदा, सावकाश." मी पुन्हा म्हटलं. "शाब्बास," त्या म्हणाल्या. कंडक्टरबाई म्हणाली, "भुंगा पाळलाय जणू." तेव्हापासून यंत्राचं नाव भुंगा.

आता रोज दोघींना घरून उचलते. परवा परतताना कंडक्टरबाई म्हणाली की उभा जन्म गाडीत गेला पण ड्रायव्हरच्या खुर्चीवर कधी बसले नाही. काल मी गाडी मोकळ्या मैदानाकडे घेतली. तिच्या डॉक्टरांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, हाताला व्यायामच होईल, दमलात की थांबा. पण तिला घंटी वाजल्याशिवाय गाडी सुरूच करता येईना. मी हॉर्न वाजवला, तेव्हा निघाली. आणि दर थोड्या वेळाने मान वळवून मागे बघते, सगळे बसले का म्हणून. मी गुडघ्यावर टिचकी मारते, समोर थाप मारते. धाकटे, चालतं. पाटी अजून लावलेली नाही, पण पुसून ठेवली आहे.

आता खालचं त्या वरच्या बाईंना वाचून दाखव.

बाई, दुखत नाही म्हणजे काही नाही, असं नसतं. कंडक्टरबाईची गाठही दुखत नव्हती. बहुतेक गाठी साध्या निघतात, पण साधी आहे हे ठरवणं डॉक्टरांचं काम, आपलं नाही. माझा घसा बसला तेव्हा ओरडून बसला असेल म्हणत मी किती महिने खडीसाखर चघळली. तुम्ही चघळू नका. या आठवड्यात जा.

थोरली

२४ एप्रिल

प्रिय जाऊबाई,

भुंग्याचं वाचून फार बरं वाटलं. यांना वाचून दाखवलं तर हेही हसले. मग म्हणाले, "वहिनींचा आवाज कसा येत असेल गं?" आणि एकदम उठून बागेला पाणी घालायला गेले. सकाळीच घातलं होतं.

त्या बाईंना तुमचा निरोप वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, पत्र लिहिणाऱ्या बाई फार कडक दिसतात. मी म्हटलं, दिसतात नाही, आहेत.

पण त्यांचीही अडचण आहे. त्यांचे यजमान सुई पाहिली तरी आडवे होतात. त्यांना सांगायचं म्हणजे आधी त्यांनाच सांभाळा. शिवाय हे दिवस गडबडीचे आहेत, शाळा सुरू व्हायच्या आधी मुलांचे डोळे तपासायला रांग लागते. एकदा ते उरकलं की त्या नक्की जाणार आहेत. गाठ तशी वाटाण्याएवढीच आहे. डाव्या बाजूला, काखेकडे. अंघोळीच्या वेळी कधी सापडते, कधी सापडत नाही, सापडली नाही की दिवस छान जातो. बाकी काही त्रास नाही. फक्त कधीतरी काच घासता घासता अचानक आठवण होते आणि हात तिथल्या तिथे थांबतो. असं त्या म्हणाल्या.

तुमचं रेडिएशन संपत आलं असेल. गिळताना दुखतं का? मऊ भात खा. आणि कंडक्टरबाईंना सांगा, आरशात बघितलं तरी मागचे दिसतात.

तुमची,
धाकटी

२८ एप्रिल

धाकटे,

त्या बाई शिकवण्या घेतात ना? मग मुलांचे डोळे कधीपासून तपासायला लागल्या, आणि काचा कुणाच्या घासतात?

तुझ्या पहिल्याच पत्रात मला शंका आली होती. पण तुला वरच्या मजल्यावरून खाली यायला वेळ लागतो, हे मला तुला गाडी शिकवली तेव्हापासून माहीत आहे.

सोमवारी दुकान उघडू नकोस. आम्ही तिघी येतोय. गाडी मी चालवणार आहे, घाबरू नको. मुख्याध्यापिकांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने तुमच्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलात वेळ घेऊन ठेवली आहे. पुढून बटणं असलेलं काहीतरी घाल.

भाऊजींना मी काही कळवलेलं नाही. ते तुझं काम.

थोरली

२० मे

प्रिय जाऊबाई,

वरच्या मजल्यावरच्या बाई आता कायमच्या खाली राहायला आल्या. काल रिपोर्ट हातात मिळाला. कॅन्सर आहे. लहान आहे, लवकर सापडला, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणाल्या. पुढच्या महिन्यात ऑपरेशन, फक्त गाठ आणि आजूबाजूचं थोडं काढतील, मग केमो आणि रेडिएशन. हे सगळं मी कसं एका दमात लिहिलं बघा. परवापर्यंत मला तो शब्द मनातल्या मनातही म्हणवत नव्हता.

तुम्ही तिघी आलात त्या दिवशीचं तुमच्यासमोर बोलता आलं नाही, म्हणून आता लिहिते. हॉस्पिटलात पोचल्यावर तुम्ही गाडी लावायला गेला होतात तेव्हा मी पळणार होते. खरंच. उठले, पर्स घेतली, म्हटलं दुकानाचं कुलूप नीट लागलं का बघून येते. कंडक्टरबाई दारातच उभ्या होत्या, एक हात चौकटीला लावून. म्हणाल्या, "ताई, मधल्या स्टॉपला उतरता येत नाही." मी म्हटलं, अहो, पाच मिनिटांत येते. "जलद गाडी आहे," त्या म्हणाल्या, "पुढे सरका, बसून घ्या." मी बसले. मग मुख्याध्यापिकांनी माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि धरून ठेवला. त्यांचा हात गार पडला होता. तेव्हा मला कळलं की त्याही घाबरतात. का कोण जाणे, माझी भीती त्याने कमी झाली.

आता तुमच्या भाऊजींचं. तुम्ही गेलात त्या संध्याकाळी मी यांना सांगितलं. तयारी म्हणून आधी पलंगावर बसवलं, पाण्याचा पेला जवळ ठेवला. सांगून झालं. हे आडवे झाले नाहीत. म्हणाले, "वहिनींना माहीत होतं?"

"हो."

"त्या कंडक्टरबाईंना?"

"हो."

"टोपीवाल्या बाईंना पण?"

"हो."

"म्हणजे मीच शेवटचा."

आणि हे रुसले. जाऊबाई, मी इतके दिवस हे घाबरतील म्हणून सांगितलं नाही, आणि हे घाबरायचं सोडून रुसले. भांडी मात्र सगळी घासली. मग पुसता पुसता पाठमोरेच म्हणाले, "उद्यापासून प्रत्येक वेळी मी येणार. सुई असली तरी." तेव्हा मी रडले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

काल माझं रक्त काढताना हे भिंतीकडे तोंड करून उभे होते, माझी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरून. भिंतीवरची लसीकरणाची पाटी यांनी मोठ्याने वाचली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. नर्स म्हणाली, "काका, बाळ केवढं आहे तुमचं?" पण पडले नाहीत.

तुमची,
धाकटी

११ जुलै

धाकटे,

ऑपरेशन नीट झालं, काखेतल्या गाठींत काही सापडलं नाही, हे भाऊजींनी फोनवर सांगितलं. यांनी मला सांगितलं तेव्हा त्यातलं निम्मं बदललं होतं, म्हणून मी फोन हिसकावून भुंग्यावर विचारलं. भाऊजी घाबरले नाहीत. "वहिनी, आवाज छान येतोय," म्हणाले. खोटं बोलणं त्यांना मुळीच जमत नाही, पण प्रयत्न आवडला.

कंडक्टरबाईला लायसन्स मिळालं. परीक्षा घेणारा साहेब शेजारी बसला, म्हणाला, चला. ही चालेना. तो पुन्हा म्हणाला, चला. ही त्याच्याकडे बघत बसली. शेवटी म्हणाली, "साहेब, दार नीट लागलेलं नाही तुमचं." खरंच लागलं नव्हतं. त्याने ते लावलं, आणि म्हणे तिथेच तिला पास केल्यासारखं हसला. आता ती सुट्टीच्या दिवशी माझी गाडी घेऊन दुसऱ्या दोघींना रेडिएशनला आणून सोडते. तिच्या गाडीत कुणी उभं राहत नाही, असं सगळ्यांना सांगत फिरते.

पाटी लावली. दुपारचा वेळ फक्त उपचार चाललेल्या बायकांसाठी ठेवला आहे. पहिल्या दिवशी दोघी आल्या. आता रांग आहे.

एक गोष्ट तुला सांगायची की नाही, विचार करत होते. पण लपवण्याचं काम आपल्या घरात पुरेसं झालंय. मुख्याध्यापिकांचा आजार परत आलाय, या वेळी फुप्फुसात. पुन्हा केमो सुरू केली आहे. त्याही आता माझ्याकडे गाडी शिकतात; एका मंगळवारी आल्या, जांभळी टोपी घालून. मी म्हटलं, आज राहू दे. त्यांनी किल्ली फिरवली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर, समोर बघत, अगदी हजेरी घेतल्यासारख्या विचारत्या झाल्या, "मास्तरीणबाई, मला लायसन्स मिळेपर्यंत मी असेन का?"

मागून ट्रक येत होता. मी भुंगा गळ्याला लावला आणि म्हटलं, "आधी आरसा बघा."

त्यांनी आरसा बघितला, हात दाखवला, सुंदर वळण घेतलं. गाडी कडेला लावली. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की मला गळ्याचा रुमाल बदलावा लागला. हसून झाल्यावर त्या थोडा वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसल्या. मी पाठीवर हात ठेवला. पुढच्या मंगळवारी येते म्हणाल्या. आल्या. डॉक्टर जोवर नको म्हणत नाहीत तोवर येणार आहेत.

तुझी केमो कधी? आम्ही रोज पोचू शकत नाही इतक्या लांब. ते मला खातं.

थोरली

९ सप्टेंबर

प्रिय जाऊबाई,

हे पत्र केमोच्या खुर्चीत बसून लिहिते आहे. उजवा हात मोकळा आहे, डाव्या बाजूचं ऑपरेशन म्हणून तिकडे सुई टोचत नाहीत, आणि औषध गळ्याखालच्या नळीतून जातं. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

तुम्ही लांब आहात याने वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या खेपेला मला फार एकटं वाटलं, हे खरं. सगळ्याजणी आपापल्या खुर्चीत, डोळे मिटून. हे बाहेर, कारण आत एकाच माणसाला जागा आणि ती पेशंटची. मीही डोळे मिटून घेतले. तुमच्यासारखं काही मला सुचेना. मला कुठे कुणाला गाडी शिकवता येते.

केस गेले तेव्हा भुवयाही गेल्या, गालही बसले. मग एक दिवस जाणवलं की चष्मा सारखा घसरतोय. दुकानात आरशासमोर बसून मी नाकाच्या दोन्ही गाद्या बदलल्या, काड्या थोड्या आत वळवल्या. आणि हात थांबला. मला त्या खुर्च्यांतल्या बायका आठवल्या. जवळजवळ सगळ्याजणी चष्मा काढून, मांडीवर ठेवून बसतात. मला वाटलं होतं, दमल्यात म्हणून.

आज पिशवीत छोटा स्क्रूड्रायव्हर, पक्कड आणि मऊ गाद्यांची डबी घेऊन आले. सिस्टरांना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, हात निर्जंतुक करा आणि कुणाची नळी ओढू नका.

शेजारच्या खुर्चीत एक बाई असतात, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. पहिल्या दिवसापासून त्या कुणाशी बोललेल्या नाहीत. नुसत्या समोरच्या भिंतीकडे बघत बसतात, चेहरा असा की बोलायची हिंमत होऊ नये. मी म्हटलं, "चष्मा देता का जरा? सैल झालाय." त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी पिशवीतला स्क्रूड्रायव्हर दाखवला. त्याने संशय वाढलाच. पण दिला.

मी बिजागऱ्या घट्ट केल्या, गाद्या बदलल्या, काचा पुसल्या आणि त्यांच्या नाकावर बसवून बघितला. कानामागे दोनदा वाकवावा लागला, चेहरा फार बारीक झालाय त्यांचा. मग त्यांनी मान हलवून पाहिली. घसरला नाही. माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि मग समोर भिंतीवर नजर गेली ती तिथेच थांबली.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते घड्याळ बंद आहे?"

मी पाहिलं. बंदच होतं. कधीपासून होतं कुणास ठाऊक.

"आणि मी गेले तीन महिने बघतेय," त्या म्हणाल्या, "पुसट पुसट दिसायचे काटे. मला वाटायचं, माझाच वेळ सरत नाही."

पलीकडच्या खुर्चीतून कुणीतरी फस्सकन हसलं. मग त्यापलीकडून. सिस्टर धावत आल्या, त्यांना वाटलं कुणाला उलटी झाली. त्या बाई स्वतःही हसत होत्या, आणि हसताना चष्मा जागचा हलत नव्हता. आता त्या मला त्यांच्या नातीचं सांगतायत, मी हे लिहीत असताना, न थांबता. मध्येच विचारतात, "ऐकताय ना?" आणि समोरच्या रांगेतल्या दोघींनी आपापले चष्मे हातात घेऊन माझ्याकडे धरलेत.

तेव्हा इथेच थांबते. गिऱ्हाइकं आली आहेत.

तुमची,
धाकटी